छत्रीच्या सिनेमात लोक का हसले

माझ्या मावशीला ऐकू येत नाही. लहानपणी आलेल्या एका तापात तिचे कान गेले. ताप उतरला तेव्हा घरातली सगळी माणसं नुसती तोंडं हलवत होती, आवाज कुणाचाच येत नव्हता. आपल्या हातून काहीतरी घोर चूक झालीय आणि सगळ्यांनी मिळून आपल्याशी अबोला धरलाय, अशी तिची समजूत झाली. ती रुसून पलंगाखाली जाऊन बसली. तिला बाहेर काढलं माझ्या आईनं. आई तिच्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठी. मोठी माणसं वाकून वाकून हाका मारत होती, आई मात्र सरळ पलंगाखाली शिरली, आणि दोघी तिथे बोटांनी, भुवयांनी, गाल फुगवून काहीबाही बोलायला लागल्या. पुढे मावशी कर्णबधिरांच्या शाळेत गेली, तिथे रीतसर खुणांची भाषा शिकली. ती तिनं आईला शिकवली, आईनं मला. आमच्या घरात तोंडात घास असतानाही गप्पा मारता येतात, याचं पाहुण्यांना भारी कौतुक वाटतं.

मावशी चष्म्याच्या दुकानात काम करते. पुढे काउंटरवर नाही, मागच्या खोलीत. गोल काच घ्यायची, फ्रेमच्या आकारात घासायची, कडा गुळगुळीत करायच्या आणि खाचेत बसवायची. घासायचं यंत्र असं किंचाळतं की दुकानातली बाकीची माणसं त्या खोलीत आली की कपाळ धरून बाहेर पळतात. मावशी बागेत बसावं तशी निवांत बसलेली असते. लग्न तिनं केलं नाही. कुणी कारण विचारलंच तर सांगते, ज्याचे हात बघत राहावेत असा कुणी भेटला नाही.

जीव मात्र तिचा लहानपणापासून सिनेमात.

आई आणि मावशी ज्या गल्लीत वाढल्या, तिच्या टोकाला एक थिएटर होतं. आज तिथे सोफ्यांचं दुकान आहे. सुट्टीच्या दिवशी दुपारच्या खेळाला दोघी ठरलेल्या. अडचण एवढीच, की अंधारात हात दिसत नाहीत. ती सोडवली तिथल्या डोअरकीपरनं. त्यानं दोघींना पहिल्या रांगेतल्या अगदी कडेच्या दोन खुर्च्या नेमून दिल्या. त्या खुर्च्यांवर बसलं की मान अवघडायची आणि पडद्यावरची माणसं काकडीसारखी लांबुळकी दिसायची, म्हणून तिथे कुणी फिरकत नसे. पण पडद्याचा उजेड बरोबर आईच्या मांडीवर पडायचा. आई ऐकायची आणि मांडीवर हात नाचवत सगळं सांगायची. मावशीची नजर घडीत पडद्यावर, घडीत त्या हातांवर. मागचे लोक कधी कधी कुरकुरायचे. डोअरकीपर त्यांच्या तोंडावर बॅटरी मारून त्यांना गप्प करायचा.

सिनेमांची खरी नावं मावशीला कधी ठाऊकच नव्हती. दोघींनी स्वतःच्या खुणा ठेवल्या होत्या. गालावर बोट टेकवलं की तिळवाल्या नटीचा सिनेमा. तळहात वरून खाली आपटला की घोडागाडी दरीत कोसळते तो, त्याचं नाव 'धपकन'. आणि एका मुठीवर दुसरी मूठ ठेवून वरची झटकन वर सरकवली, की छत्रीचा सिनेमा.

या छत्रीच्या सिनेमानं मावशीला जन्माची रुखरुख लावली.

त्यात एक प्रसंग आहे. एका साध्या खोलीत दोन पुरुष समोरासमोर खुर्च्यांवर बसलेत. एक म्हातारा, एक तरुण. तरुणाचे कान मोठे आणि गुडघे एकमेकांना चिकटलेले. दोघं बोलतात. कुणी पडत नाही, धडपडत नाही, कुणाच्या अंगावर काही सांडत नाही. दोघांचे चेहरेही गंभीर. आणि मावशीनं मागे वळून पाहिलं तर सगळं थिएटर हसून लोळत होतं. बायका पदरात तोंड खुपसत होत्या, एक माणूस पुढच्या खुर्चीवर डोकं आपटत होता, डोअरकीपर बॅटरी पोटाशी धरून भिंतीला टेकला होता. मावशीनं आईचा दंड हलवला. काय झालं? आईनं हात उचलले, पण तिला इतकं हसू येत होतं की हात जागेवर राहीनात. 'छत्री' एवढंच झालं आणि ती खुर्चीवरून खाली घसरली.

नंतर आईनं सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. घरी जाताना केला, दुसऱ्या दिवशी केला, पुढेही अनेकदा केला. पण ती गंमत खुणांच्या भाषेत येतच नव्हती. आईनं सांगून झालं की मावशी शांतपणे विचारायची, "मग?" शेवटी एकदा आई वैतागून म्हणाली, "त्याला तिथे असावं लागतं."

मावशी म्हणाली, "मी तिथेच होते."

त्यानंतर आईनं तो विषय कधी काढला नाही.

वर्षं गेली. थिएटर बंद झालं, घराघरांत टीव्ही आले. मावशी परदेशी सिनेमे पाहायला लागली, कारण त्यांना खाली संवाद लिहिलेल्या ओळी असतात. मला कळायला लागलं तेव्हा तिला कुठकुठल्या देशांतले खुनी, राण्या आणि डिटेक्टिव्ह तोंडपाठ होते. आपल्या भाषेतल्या सिनेमांना मात्र ओळी नसतात. आपल्या माणसांना त्या कशाला हव्यात, असा हिशेब. एकदा तिनं मला विचारलं होतं, "शेजारणीच्या सासूचं काय चाललंय ते मला कळत नाही आणि सातासमुद्रापलीकडच्या राणीनं विष कुणाला घातलं ते कळतं. हे बरोबर आहे का?"

मग दोन वर्षांपूर्वी काच घासायच्या यंत्राचं पाणी फरशीवर सांडलेलं होतं, त्यावरून मावशी घसरली आणि घोट्याचं हाड मोडलं. प्लास्टर घालून ती घरी बसली. माझी ही मावशी घरी बसण्यातली नाही. पहिल्याच आठवड्यात तिनं शेजाऱ्यांचे झाडून सगळे चष्मे मागवून त्यांचे स्क्रू घट्ट करून दिले. तिला कशात तरी गुंतवावं म्हणून मी तिच्या टीव्हीवर जुन्या सिनेमांचं एक ॲप सुरू करून दिलं. छोटीशी कंपनी होती, पण जुनं बरंच गोळा केलेलं. त्यातल्या काही सिनेमांना आपल्या भाषेतल्या ओळीही होत्या. कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं आणि मी माझ्या कामाला निघून गेले.

त्याच आठवड्यात एका दुपारी मावशी प्लास्टरसकट टॅक्सीत बसून आमच्या घरी आली. ड्रायव्हरच्या खांद्याचा आधार घेत दारात उभी राहिली आणि आईला पाहताच तळहात वरून खाली आपटला.

"धपकन," तिचे हात म्हणाले. "गाडीवान मेला."

आईला काही उमजेना. "कुठला गाडीवान?"

"घोडागाडीवाला. दरीत पडला तो मेला. डॉक्टर म्हणतो, वाचवता आलं नाही. खाली लिहिलंय. तू म्हणालीस इस्पितळात आहे. तू म्हणालीस शेवटी लांबून गाडी येते, तिच्यात तोच बसलाय. तो नवीन गाडीवान होता."

टॅक्सीवाला एकदा हिच्या हातांकडे, एकदा तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता. मी त्याला वाटेला लावलं आणि मावशीला खुर्चीत बसवलं. ती थांबायला तयार नव्हती. "मी आजपर्यंत सगळ्यांना सांगत आलेय की तो वाचला. आमच्या कर्णबधिरांच्या मंडळातल्या मिशीवाल्या सेक्रेटरीशी भांडले यावरून. तो म्हणत होता मेला. मी त्याला सांगितलं, माझ्या बहिणीनं स्वतःच्या कानांनी ऐकलंय."

आईचे हात सावकाश चालायला लागले. "बाबांना जाऊन महिना झाला नव्हता. तू जेवत नव्हतीस. कुणाशी बोलत नव्हतीस. मी तुला सिनेमाला नेलं कारण मला दुसरं काही सुचेना. आणि त्यात नेमका गाडीवान, म्हणजे सिनेमातल्या मुलीचा बाप, दरीत पडला. तू माझ्याकडे बघितलंस, आता काय म्हणून. मला नाही सांगवलं. हातच उचलेनात. मग म्हटलं, इस्पितळात आहे."

मावशीनं खिडकीकडे तोंड फिरवलं. आमच्या घरात पाठ फिरवली की संभाषण संपतं, समोरच्यानं थांबायचं. आई थांबली. बऱ्याच वेळानं मावशी वळली. डोळे पुसले आणि विचारलं, "आणि तिळवाली? ती नवऱ्याला सोडून का गेली? तू म्हणालीस, तिला स्वयंपाक येत नव्हता म्हणून तो ओरडला."

"ते मला खरंच तसंच वाटलं होतं," आई म्हणाली. "माझं वय काय होतं तेव्हा?"

"त्याची दुसरी बाई होती."

आईचं तोंड उघडंच राहिलं. "हो?"

"सगळ्या सिनेमाभर होती. निळ्या साडीतली. तू मला सांगितलंस ती त्याची आत्या आहे."

मग दोघींना जे हसू फुटलं ते आवरेना. आई आवाज करून हसत होती, मावशी आवाज न करता, आणि प्लास्टरमधला पाय स्टुलावर गदगद हलत होता.

त्या दिवसापासून मावशीला नादच लागला. लहानपणी पाहिलेला प्रत्येक सिनेमा शोधून काढायचा, ओळी लावून बघायचा आणि आईनं सांगितलेल्या गोष्टीशी ताडून बघायचा. शोधणार कसा, तर नावं माहीत नाहीत. ॲपला तीळ आणि धपकन कळत नाहीत. पण जितकं बघत जावं तितकं ते ॲप 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून आणखी जुनं पुढे करी. मावशी त्या छोट्या छोट्या चित्रांतले चेहरे निरखत बसायची. निम्म्या सिनेमांत आईनं काहीतरी भलतंच सांगितलेलं निघायचं. त्यातही बऱ्याच ठिकाणी आईची गोष्ट जास्त चांगली होती, असं मावशीचं मत पडलं. एका सिनेमातल्या खलनायकाला आईनं शेवटी पश्चात्तापाचं मोठं भाषण दिलं होतं. प्रत्यक्षात तो नुसता "चला, उशीर झाला" म्हणत होता.

आणि मग एकदा तिचा मला व्हिडिओ कॉल आला. मोबाइल टीव्हीसमोर धरलेला. पडद्यावर एका बारीक माणसाचं चित्र, मोठे कान. कॅमेरा फिरला आणि मावशीनं एका मुठीवरून दुसरी मूठ झटकन वर सरकवली.

सिनेमाचं नाव काहीतरी वेगळंच होतं, त्यात छत्रीचा मागमूस नव्हता. त्यामुळेच तो आम्हाला सापडत नव्हता. मी धावत तिच्याकडे गेले. सिनेमा लावला, ओळींचं बटण दाबलं. बटण फिकट होतं, चालत नव्हतं. या सिनेमाला ओळी नव्हत्या.

तो प्रसंग आला. म्हातारा आणि तरुण खुर्च्यांवर बसलेले, बोलतायत. मी जन्मात पहिल्यांदा तो पाहत होते आणि मला जोराचं हसू आलं. मावशी माझ्याकडे बघत होती. मी तोंड दाबलं.

"मी लिहून देते," मी म्हणाले. "एकेक वाक्य. आत्ता."

"नको." तिनं माझे हात धरूनच ठेवले, मग सोडले. "कागद वाचून कुणी खुर्चीवरून पडत नाही. ते बोलताना त्यांचे चेहरे बघत वाचायचंय मला. आणि मला एकटीला नको. मंडळातल्या सगळ्यांना कुठे ना कुठे असा एक सिनेमा आहे."

तिनं कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. पुन्हा लिहिलं, पुन्हा अभिप्राय मोलाचा निघाला. मी आईजवळ चिडून म्हणाले, की हे लोक सरळ कानाडोळा करतायत. मावशीनं माझ्या ओठांवरून ते वाचलं आणि म्हणाली, "कान गेले असतील त्यांचे तर मंडळाचं सभासद करून घेऊ."

शेवटी कंपनीतल्या कुणीतरी खरं काय ते कळवलं. ओळी लावायला माणूस बसवावा लागतो. जे सिनेमे लोक बघतात त्यांना आधी ओळी लागतात. हा सिनेमा महिन्याकाठी दोन-चार जण उघडतात आणि तेही मधेच सोडून देतात.

मावशीनं ते वाचलं आणि काठी घेऊन मंडळात गेली.

कर्णबधिरांचं मंडळ म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरची लांबट खोली. कॅरम, वर्तमानपत्रं आणि भक्कम प्रकाश, कारण उजेड गेला तर तिथे सगळेच मुके. सेक्रेटरी मिशीवाले काका. त्यांची खूणच मिशीला पीळ द्यायची, त्यामुळे खरं नाव कुणी वापरत नाही. छापखान्यात आयुष्य गेलेला माणूस, बोलायला कडक. मावशीनं आधी त्यांची जाहीर माफी मागितली, की गाडीवान मेलाच होता. काकांनी मिशीवरून हात फिरवत ती स्वीकारली. मग मावशीनं मुद्दा मांडला. "हा सिनेमा आपण बघायचा. सगळ्यांनी. शेवटपर्यंत."

"ओळी नाहीत ना त्याला?" काका म्हणाले.

"नाहीत. म्हणूनच बघायचा."

"कळणार काय आपल्याला?"

"काही नाही. दोन माणसं खुर्चीवर बसलेली दिसतील. बघायचं."

मग मागच्या बाजूला एका बाईनं हात वर केला. ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात काम करायची. म्हणाली, "माझ्या नवऱ्याला ऐकू येतं. तो एकटाच हसतो आणि मी विचारलं की म्हणतो, सोड, विशेष काही नाही. मी बघते."

त्या एका वाक्यानं काम झालं. 'सोड, विशेष काही नाही' हे त्या खोलीतल्या प्रत्येकानं ऐकून, म्हणजे पाहून, पोटभर घेतलेलं होतं.

मग सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. घराघरांत छत्रीचा सिनेमा चालू. भाजी चिरताना चालू, कपड्यांना इस्त्री करताना चालू. कुणी मन लावून बघायचं, कुणी पडद्यावरच्या कपड्यांबद्दल मतं द्यायची. व्हिडिओ कॉल आल्यापासून कर्णबधिरांना गावोगावी मित्र असतात. काकांनी दुसऱ्या शहरांतल्या मंडळांना निरोप दिले, त्यांनी पुढे दिले. ज्या सिनेमाकडे चिटपाखरू फिरकत नव्हतं, तो हजारो घरांत सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालायला लागला, आणि बघणाऱ्यांपैकी एकालाही त्यातला शब्द कळत नव्हता.

ॲपमध्ये 'सध्या सर्वाधिक पाहिले जाणारे' अशी एक रांग असते. छत्रीचा सिनेमा आधी तिच्या शेपटाला दिसला. मग मध्ये. मग एका सकाळी मावशीनं मला फोटो पाठवला: तो पहिला होता.

त्यानंतर आम्ही कुणी योजलं नव्हतं ते घडलं. ऐकू येणाऱ्यांचं लक्ष गेलं. हा कुठला काळापांढरा सिनेमा, आणि हा एवढा वर कसा, म्हणून लोकांनी कुतूहलानं उघडला. कॉलेजातल्या पोरांनी उघडला. तो खुर्च्यांचा प्रसंग आला आणि पोरं हसून बेजार झाली. कुणीतरी तेवढा तुकडा कापून मोबाइलवर फिरवला. आठ-पंधरा दिवसांत अशी वेळ आली की दुकानात, ऑफिसात, लिफ्टमध्ये लोक एकमेकांना ती वाक्यं मारायला लागले. चष्म्याच्या दुकानाचे मालकसुद्धा गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवताना त्यातलं एक वाक्य बोलून स्वतःच हसत सुटायचे. मावशी तोवर कामावर परतली होती. मालक हसायला लागले की ती तोंड फिरवून मागच्या खोलीत जायची. तिला वाचायचं नव्हतं. इतकी वर्षं थांबले, आता कुणाच्या ओठांवरून चोरून घेणार नाही, म्हणायची.

कंपनी खडबडून जागी झाली. आधी त्यांनी घाईघाईनं यंत्राकडून ओळी लावून घेतल्या. मावशीनं सिनेमा लावला, पहिलाच संवाद आला: 'आई, माझी क्षत्रिय कुठे आहे?' तिनं टीव्ही बंद केला आणि कंपनीला कळवलं, की आमच्यात लढाई नको, माणूस बसवा. या वेळी उत्तरात अभिप्राय मोलाचा नव्हता. ओळी लिहिणाऱ्या मुलीनंच व्हिडिओ कॉल केला. मी मध्ये बसून दोघींचं एकमेकींना सांगत होते.

मुलगी म्हणाली, "ताई, मी सगळं नव्यानं, हातानं लिहितेय. एक विचारायचं होतं. खुर्च्यांच्या प्रसंगात म्हातारा अडखळत, थांबून थांबून बोलतो. त्याचं वाक्य मी तुकड्यातुकड्यानं दाखवू, की पूर्ण एकदम? एकदम दाखवलं तर वाचणाऱ्याला त्याच्या बोलण्याआधीच कळेल."

मावशीला प्रसंगातलं अवाक्षर माहीत नव्हतं. तरी तिनं विचार करायला वेळ घेतला नाही. "एकदम दाखव," ती म्हणाली. "आम्हाला आजपर्यंत कधी काही आधी कळलेलं नाही."

ओळी तयार झाल्या. मावशीनं त्या घरी पाहिल्या नाहीत, कुणाला पाहू दिल्या नाहीत. कर्णबधिरांच्या शाळेचा हॉल घेतला आणि रविवारी दुपारी सगळ्यांना बोलावलं. मंडळ आलं, बाहेरगावची मंडळी आली. त्यांच्या ऐकणाऱ्या बायका, नवरे, मुलं आली. दुकानाचे मालक आले. सिनेमा नव्यानंच सापडलेली कॉलेजची पोरंही कुठून तरी पत्ता काढून आली आणि मागे भिंतीला टेकून उभी राहिली. काकांनी खुर्च्या कमी पडल्या म्हणून वर्गातले बाक काढून आणवले. मावशी आणि आई मधल्या रांगेत बसल्या. पडदा सरळ दिसतो अशा खुर्च्यांवर.

सिनेमा सुरू झाला. आणि तो प्रसंग आला.

गोष्ट अशी आहे. तरुण आलाय म्हाताऱ्याच्या मुलीला मागणी घालायला. म्हाताऱ्याला वाटतंय, हा कोपऱ्यातली छत्री मागायला आलाय. तरुण लाजून म्हणतो, "ती... मला द्याल का?" आपल्या भाषेत मुलगीही ती आणि छत्रीही ती. खुणांच्या भाषेत मात्र बोट दाखवावं लागतं. मुलीकडे तरी, नाहीतर कोपऱ्याकडे तरी. आई तिथेच अडकत आली होती.

पडद्यावर म्हातारा तोंड उघडत होता, आणि खाली ओळ उमटली:

'न्या की. पण आधीच सांगतो, वारा सुटला की ती उलटी होते.'

म्हाताऱ्याचा पहिला शब्द यायच्या आत मंडळ हसलं. दीडएकशे माणसं एकदम. त्यातले काही आवाज करणारे, काही न करणारे, बाकांवर हात आपटणारे. ऐकणारी माणसं दचकली. मग म्हाताऱ्याचं वाक्य पुरं झालं आणि तीही हसली. तरुण म्हणाला, मी सांभाळून घेईन. खाली ओळ: 'तुमच्याआधी दोघं घेऊन गेले होते. आठवड्यात परत आणून दिली.' पुन्हा मंडळ आधी, बाकीचे मागून. 'एकदा मी तिला बसमध्ये विसरलो. कंडक्टरनं घरी आणून सोडली.' धुलाईघरातल्या बाईनं नवऱ्याच्या पाठीत गुद्दा घातला. तो अजून ऐकतच होता. 'ओली असली की आम्ही घरात घेत नाही. दाराबाहेर उभी करतो.' काकांनी मिशा दोन्ही हातांनी धरल्या होत्या. मागून कॉलेजातला एक मुलगा ओरडला, "अहो, त्याला बोलू तरी द्या." मी ते हातांनी मंडळाला सांगितलं आणि हसण्याची आणखी एक लाट उठली.

मी मावशीकडे पाहिलं. ती हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही ती पडद्यावरून नजर काढत नव्हती. वाचत होती, चेहरे बघत होती, पुढचं वाचत होती. आईची नजर पडद्यावर नव्हतीच. ती पूर्ण वेळ मावशीकडे बघत होती.

प्रसंग संपला. मावशीनं मोठा श्वास घेतला आणि आईकडे वळली.

"एवढंच होतं?"

आईचे हात गडबडले. "एवढंच. मी म्हणाले नव्हते, त्याला..."

"यासाठी तू खुर्चीवरून खाली पडलीस?"

"हो."

मावशीनं क्षणभर विचार केला. "बरोबर पडलीस," ती म्हणाली.

सिनेमा संपल्यावर दिवे लागले, पण कुणी उठेना. जो तो शेजाऱ्याला तीच वाक्यं पुन्हा करून दाखवत होता. छत्री आणि मुलगी दोन्हीला चालेल अशी एक नवीन खूण मंडळानं तिथल्या तिथे तयार केली: नुसती हनुवटी कोपऱ्याकडे उडवायची. मालकांना मावशीनं ती स्वतः शिकवली. कॉलेजच्या पोरांनी मावशीला घेरलं आणि विचारलं, अजून असे कुठले सिनेमे आहेत. तिनं मला जवळ बोलावलं आणि सांगायला सुरुवात केली. तिच्याकडे नावं नव्हती, खुणाच होत्या. मी बोलत होते, पोरं मोबाइलमध्ये शोधत होती आणि एकेक चेहरा तिच्यापुढे धरत होती. ती मान हलवायची, हा नाही, हा नाही, आणि मग एकदम बोट रोवायची.

आता दर महिन्याला मंडळ एक सिनेमा निवडतं आणि कंपनी त्याला ओळी लावते. तसं कंपनीनंच ठरवलं, कारण मंडळानं निवडलेला सिनेमा बाकीची दुनियाही बघते हे त्यांच्या लक्षात आलंय. निवड करताना भांडणं जोरदार होतात. काकांना हाणामारीचे हवे असतात. मावशी म्हणते, हाणामारी ओळींशिवायही कळते, ज्यात माणसं नुसती बसून बोलतात असे आणा. गेल्या बैठकीत मतदान झालं. काका हरले, मिशा खाली घालून बसले, आणि मग त्यांनीच पडदा टांगायला शिडी आणली. मावशी शिडीखाली उभी राहून दोन्ही हातांनी त्यांना ओरडत होती, की डावी बाजू अजून वर घ्या, शेवटच्या बाकावरून खालची ओळ दिसली पाहिजे.